सैल जुड्या

आमचा धंदा ब्रशचा. बाटल्या धुण्याचे, नळ्या साफ करण्याचे, भिंती रंगवण्याचे, फरशी घासण्याचे. खाली कारखाना आणि वर घर. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन बाकं, एक शिकंजा, तारेची रिळं आणि खिडकीशी केसांचे गठ्ठे. ब्रशचे केस. नायलॉनचे असोत की काथ्याचे, आम्ही सगळ्यांना केसच म्हणतो. 'केस गळतात' ही आमच्याकडे गिऱ्हाइकाची तक्रार असते, आणि ती तक्रार आली की समजायचं, ब्रश माझ्या बायकोनं बांधलेला आहे.

लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला जुडी बांधायला शिकवलं. केसांची मूठ घ्यायची, बुडं ठोकून सारखी करायची, तारेचा पहिला वेढा कचकून घालायचा आणि बाकीचे त्याला खेटून. सगळा जीव पहिल्या वेढ्यात असतो. तो ढिला राहिला की पुढचे कितीही आवळले तरी फरक पडत नाही. तिला हे तोंडपाठ होतं, दुसऱ्यांना ती समजावूनही सांगायची. पण तिच्या स्वतःच्या हातात तार आली की पहिला वेढा सैलच पडायचा.

"तुझ्या ब्रशनं रंग दिला की भिंतीला दाढी येते," मी म्हणायचो.

"मग जा तिची दाढी करायला. तुमच्या स्वतःच्या दाढीला तर मुहूर्त लागत नाही."

शेवटी मी तिला बांधणीवरून काढलं आणि केस कातरणं, दांड्या घासणं, गिऱ्हाइकांशी बोलणं ही कामं दिली. गिऱ्हाइकांशी बोलणं तर तिनंच करावं. मी बोललो की आलेलं गिऱ्हाईक जायचं, आणि ती बोलली की निघालेलं परत बसायचं.

आम्हाला मुलगी एकच. लहानपणी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारून जीव नकोसा करायची, म्हणून आईनं तिचं नाव टोचणी ठेवलं. ती आता पीएचडी करते. समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या कशा तयार होतात आणि त्यात झाडांचा वाटा किती, हा तिचा विषय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "वाळू आहे, वारा आहे, होत असेल टेकडी." झालं. तिनं स्वयंपाकघरातलं पीठ टेबलावर पसरलं, त्यात काड्या खोचल्या आणि जोरात फुंकर मारली. थोडं पीठ काड्यांच्या मागे जमलं, बरंचसं माझ्या चष्म्यावर.

"वारा वाळू घेऊन येतो," ती म्हणाली. "गवत त्याला अडवतं. वारा मंदावला की हातातली वाळू टाकतो. त्या वाळूत गवत गाडलं जातं, म्हणून ते आणखी वर वाढतं. वर वाढलं की आणखी वाळू अडवतं. असं करत करत टेकडी होते. मग सांगा, टेकडी कुणी बांधली? गवतानं की वाळूनं?"

"दोघांनी मिळून," बायको म्हणाली.

"हो, पण कुणी किती? तेच तर शोधायचंय."

"ते आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही, तुला कसं कळणार," असं म्हणून बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि पीठ गोळा करायला लागली.

गावाबाहेरच्या किनाऱ्यावर टोचणीला तीन तुकडे आखून दिलेले होते. ती त्यांना प्लॉट म्हणायची, बायको वाफे म्हणायची. एकात खरं गवत. एक मोकळा, त्यात काही उगवलं की उपटून टाकायचं. तिसऱ्यात खोटं गवत लावायचं होतं. मी विचारलं, खोटं कशाला? तर खरं गवत दोन कामं करतं, एक म्हणजे नुसतं उभं राहून वारा अडवतं आणि दुसरं म्हणजे वाढतं. खोटं गवत वाढत नाही, फक्त उभं राहतं. दोन्हींतला फरक मोजला की वाढण्याचा वाटा कळतो. मला हे पटलं. हिशेब सरळ होता.

आणि खोटं गवत म्हणजे काय, तर बारीक दांडीवर बांधलेली नायलॉनच्या केसांची जुडी. म्हणजे आमचाच धंदा. मी छाती पुढे काढून नमुने बांधले. टोचणीनं टेबलावरचा पंखा लावला, समोर जुडी उभी केली आणि कंपासपेटीतलं कोनमापक धरलं. जुडी हलली नाही. पंखा वाढवला. जुडी तशीच.

"बाबा, हे गवत नाही. हे खांब आहेत."

मी केस लांब घेतले, बारीक घेतले. खांबच. बायको दारात उभी राहून बघत होती. ती आली, केसांची मूठ उचलली, तार गुंडाळली आणि जुडी पंख्यासमोर धरली. जुडी वाऱ्याबरोबर वाकली, पंखा फिरला तशी उठली, पुन्हा वाकली. किनाऱ्यावरचं गवत करतं अगदी तसं.

टोचणी ओरडली, "आई! असंच! असंच पाहिजे!"

त्यानंतर आमच्या घरात माझी काय अवस्था झाली ते सांगायला नको. त्या सगळ्या जुड्या बायकोनं एकटीनं बांधल्या. मला फक्त केस कापून द्यायला ठेवलं होतं. मध्येच ती म्हणायची, "अहो कारागीर, जरा केस सारखे कापा, पीएचडीचं काम आहे." किनाऱ्यावर नेऊन त्या वाळूत रोवल्याही तिनंच, खाली बसून, एकेक. मी चहाचा थर्मास धरून उभा होतो.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती गेली. आजार थोडक्याच दिवसांचा होता. त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही. एवढंच लिहितो की नंतर घरात माझी चेष्टा करणारं कुणी राहिलं नाही. लोक फार मऊ बोलायला लागले. मुलगीसुद्धा. ती शिकायच्या गावाहून सामान घेऊन घरी राहायला आली आणि माझ्याशी असं बोलायची, जणू मी काचेचं भांडं आहे. अपवाद फक्त मेहुणीचा. ती दोन गल्ल्या सोडून राहते.

"भावोजी, जेवलात का?" ती फोनवर विचारायची.

"जेवलो."

"काय जेवलात?"

मी थंड शेगडीकडे बघायचो.

"खोटं बोलायचं तर तयारी करून बोलावं माणसानं," असं म्हणून ती फोन ठेवायची आणि अर्ध्या तासात डबा घेऊन दारात.

मग एका रविवारी किनाऱ्याची सफाई झाली. कुठल्याशा संस्थेची चांगली माणसं हातमोजे घालून, पोती घेऊन आली आणि त्यांनी किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचलं. वेचता वेचता आमच्या तिसऱ्या वाफ्यापाशी आली. वाळूत ओळीनं रोवलेलं नायलॉन. त्यांनी मन लावून उपटायला सुरुवात केली. निम्म्याहून जास्त उपटल्यावर कुणाला तरी शंका आली की कचरा इतका ओळीत कसा. तोवर भरलेली पोती गाडीतून गेली होती. तिथे पाटी नव्हती का? होती. 'संशोधन चालू आहे, हात लावू नये' अशी ठळक पाटी होती. पण ती जुड्यांहून बुटकी, वाफ्यातच लावलेली होती, आणि वाफ्यात इतकी वाळू साठली होती की पाटी गाडली गेली होती. टोचणीच्या आईचं गवत जरा जास्तच चांगलं काम करत होतं.

त्या लोकांनी माफी मागितली. एक बाई तर रडायच्या बेतात होती. टोचणीच तिला समजावत बसली.

टोचणीच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. किडकिडीत, भरभर चालणाऱ्या, बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या. कुठलंही वाक्य त्या 'आकडे काय म्हणतात' असं सुरू करतात. त्यांनी वाफा बघितला, उरलेल्या जुड्या बघितल्या आणि आमच्या कारखान्यात बाकावर बसून स्पष्ट सांगितलं.

"मोठ्या वाऱ्याचे दिवस यायच्या आत सगळ्या जुड्या परत लागल्या पाहिजेत. आणि पहिल्यासारख्याच. वेगळ्या लावून चालणार नाही. नाही जमलं तर हा प्लॉट प्रबंधातून काढू. दोन प्लॉटवरही प्रबंध होतो, जरा लंगडा होतो, पण होतो."

टोचणीनं मान हलवली. तिचं एक अख्खं प्रकरण जाणार होतं, ते तिला दिसत होतं. मला दिसत होतं ते इतकंच की तिच्या आईनं जे केलं ते त्या पुस्तकातून जाणार. मी म्हटलं, "मॅडम, मी बांधतो. माझा जन्म यात गेला आहे."

"पहिल्या कुणी बांधल्या होत्या?"

"हिच्या आईनं."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग बघा बांधून," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी बाकावर बसलो. सैल वेढा घालायचा, एवढंच काम. पण हात ऐकेना. तार बोटांत आली की बोटं आपोआप आवळायची. सायकल चालवणाऱ्याला म्हणावं, पडून दाखव, तसं होत होतं. मुद्दाम ढिला वेढा घातला की जुडी हातातच उलगडायची आणि केस जमिनीवर. हातमोजा घालून बघितलं. डाव्या हातानं बघितलं. डोळे मिटून बघितलं. टोचणी पंखा लावून बसायची, कोनमापक धरायची आणि म्हणायची, "कमी." "जास्त." "ही तर आडवीच झाली, बाबा."

मला आठवलं, बायको बांधताना सारखी बोलायची. म्हणून मेहुणीला बोलावलं आणि म्हटलं, समोर बस आणि काहीतरी बोल, म्हणजे माझं लक्ष हातावर राहणार नाही.

"काय बोलू?"

"काहीही. तुला काय विषयांची वाण आहे का?"

तिनं नणंदेपासून सुरुवात केली आणि शेजारणीपर्यंत आली. मी हो-हो करत बांधत होतो. तिनं एक जुडी उचलून हलवली. केस तिच्या मांडीवर सांडले.

"जन्मभर माझ्या बहिणीला नावं ठेवलीत," ती म्हणाली, "आणि आता तेवढं वाईट बांधायला तुम्हाला जमेना! बघत असेल कुठून तर पोट धरून हसत असेल."

कितीतरी दिवसांनी मी हसलो. टोचणीनं वरून जिन्यात येऊन बघितलं, काय झालं म्हणून.

मेहुणीचं म्हणणं खोटं नव्हतं. बायकोची जुडी सैल असायची, पण सुटायची नाही. एखाददुसरा केस गळेल, पण जुडी जुडीच राहील. आणि तिच्या सगळ्या जुड्या एकसारख्या सैल होत्या. टोचणीनं उरलेल्या मोजून बघितल्या होत्या, सगळ्या जवळजवळ तेवढ्याच वाकायच्या. मी तो वेंधळेपणा समजत होतो. वेंधळेपणा रोज एका मापाचा नसतो.

मॅडमच्या परवानगीनं टोचणीनं वाफ्यातली एक जुडी मला नमुन्यासाठी आणून दिली. मी ती बराच वेळ नुसती बघितली. मग पक्कडीनं तारेचं टोक उचललं आणि वेढे सोडवले. आत काही युक्ती असेल असं वाटलं होतं. काही नव्हतं. सोडवल्यावर बाकावर माझ्याच कारखान्यातली तार आणि मीच कापलेले केस उरले. त्यातलं तिनं केलेलं जे होतं, ते सोडवण्यात गेलं. मी तीच तार, तेच केस घेऊन पुन्हा बांधायला बसलो. खांब झाला.

मग मला एक वाट दिसली. गिऱ्हाईक ब्रश कसा पारखतं? अंगठ्यानं दाबतं आणि किती वाकतो ते बघतं. वाकणं जमलं की झालं. मी माझ्या पद्धतीनं पक्की जुडी बांधली, फक्त केस निम्मे घेतले. पंख्यासमोर धरली. वाकली! टोचणीनं कोन मोजला. पुन्हा मोजला.

"बाबा! तेवढाच! आईएवढाच!"

मी दुसरी बांधली, तिसरी बांधली. सगळ्या तेवढ्याच. त्या आनंदात टोचणीनं मॅडमना फोन केला आणि मी आठवडाभर बसून लागतील तितक्या जुड्या बांधून खोक्यात भरल्या.

मॅडम आल्या. एका हातात बायकोची जुडी धरली, दुसऱ्या हातात माझी, आणि दोन्ही खिडकीच्या उजेडापुढे नेल्या. तिच्या जुडीतून उजेड दिसत नव्हता. माझ्या जुडीतून खिडकी दिसत होती, खिडकीबाहेरचा विजेचा खांब दिसत होता आणि खांबावरचा कावळाही.

"यातून वारा आरपार जाईल," मॅडम म्हणाल्या. "वाकण्याचा आकडा जुळवलात, पण गवत कुठे आहे?"

टोचणीचा चेहरा पडला. हे तिलाही दिसायला हवं होतं, आणि ते तिला त्या क्षणी कळलं. मॅडम रागावल्या नाहीत. चहा संपवला, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तो प्लॉट सोड. चांगला प्रयत्न केलात दोघांनी."

मॅडम गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. टोचणी ताटात बोट फिरवत बसली होती. मी म्हटलं, "मला नाही गं तिच्यासारखं येत."

हात धुवायला उठली, नळ सोडला आणि नळाशीच उभी राहिली.

"मग तुमच्यासारखं बांधा," ती म्हणाली.

"समजूत घालू नको माझी. लहान नाही मी."

"समजूत नाही घालत, बाबा, ऐका तर." ती ओल्या हातांनीच येऊन बसली. "किनाऱ्यावर सगळंच गवत लवचीक कुठे असतं? ताठ झुडपंही असतात. वाऱ्यात तसूभर हलत नाहीत ती. वाकणारं झाड वाळू जास्त धरतं की ताठ झाड? हे मी बघितलंच नाही अजून. आईच्या उरल्यात त्या वाकणाऱ्या. तुमच्या ताठ. केस तेच, उंची तीच, दांडी तीच. फरक फक्त हाताचा."

"म्हणजे मी खांबच बांधायचे?"

"खांबच बांधा. चांगले पक्के."

"आणि मॅडम?"

तिनं तिथंच फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो मॅडम... नाही, भावनेचा प्रश्न नाही... बरं, थोडा आहे. पण प्रश्न चांगला आहे की नाही ते सांगा... हो, कमी आहेत, माहितीये... नाही, एका पट्ट्यात नाही लावणार, मिसळून लावते..." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. फोन ठेवला आणि म्हणाली, "हो म्हणाल्या. पण अट आहे. वारा संपल्यावर दोन्हींत फरक असा दिसला पाहिजे की वाद घालायला जागा नको. थोडाफार असला तर प्लॉट गेला."

मी जेवण अर्धवट टाकून खाली गेलो. "अहो बाबा, उद्या करा," ती वरून ओरडली. पण माझे हात शिवशिवत होते. बायको गेल्यापासून मी मन लावून एक ब्रश बांधला नव्हता, नुसते संपवत होतो. त्या दिवशी पहिला वेढा कचकून बसला तेव्हा तारेचा जो बारीक आवाज होतो तो ऐकून मला बरं वाटलं.

लावताना एक जड गोष्ट करावी लागली. बायकोच्या उरलेल्या जुड्या एका बाजूला एकत्र होत्या. त्या तशाच ठेवल्या तर फरक जागेचा की जुडीचा ते कळणार नाही, असं मॅडमचं म्हणणं. म्हणजे त्या उपटायच्या, वाफा सपाट करायचा आणि सगळ्या मिसळून पुन्हा रोवायच्या. टोचणीनं मला विचारलं, तुम्ही घरी थांबता का. मी म्हटलं, नाही. बायकोनं ज्या रोवल्या होत्या त्या मीच काढल्या. वाळू घट्ट धरून बसल्या होत्या, हलवून हलवून काढाव्या लागल्या. मग कुठल्या खुणेवर आई आणि कुठल्या खुणेवर बाबा, हे टोचणीनं चिठ्ठ्या टाकून ठरवलं. काही ठिकाणी दोघं शेजारी आले, काही ठिकाणी चांगले लांब.

"हे बरं आहे," मेहुणी म्हणाली. ती नवी पाटी घेऊन आली होती, बांबूवर उंच बांधलेली. "एवढ्या जवळ बसून भांडण नाही म्हणजे नवल."

मग वारे सुरू झाले. आम्ही मधूनमधून बघायला जायचो. तोंडाला फडकी बांधायची, डोळ्यांना टोचणीचे पोहण्याचे चष्मे. पहिल्या काही खेपांना वाळूत काहीच फरक दिसेना. माझ्या जुड्या शिपायांसारख्या ताठ. तिच्या वाऱ्यासमोर पार लोळण घेतलेल्या. खरं सांगतो, मला आत कुठेतरी बरं वाटलं. मुलीचं प्रकरण पणाला लागलेलं आणि मी मनात म्हणतोय, बघ, काम असं असतं.

हळूहळू चित्र बदललं. माझी जुडी वाऱ्याला वाकत नव्हती, म्हणून वारा तिला वळसा घालून जोरात जायचा आणि जाताना बुडाची वाळू खरवडून न्यायचा. प्रत्येक जुडीच्या पायाशी वाटीसारखा खड्डा पडला आणि नेलेली वाळू मागे लांब शेपटीसारखी पसरली. बायकोच्या जुड्या वाऱ्याबरोबर खाली झुकायच्या, वाळूचे कण त्यांच्या केसांत शिरायचे आणि तिथेच बसायचे. तिच्या भोवती रुंद, बसके उंचवटे झाले.

"बाबा," टोचणी फडक्यातून ओरडली, "तुमच्या पायाखालची वाळू सरकली!"

"कळलं, कळलं. मोठ्यानं कशाला सांगतेस, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल."

ती हसली. काचेच्या भांड्याशी बोलावं तसं बोलणं कधी थांबलं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

वारे संपल्यावर मॅडम शेवटची मोजणी बघायला आल्या. चपला हातात घेऊन वाळूतून भरभर चालत आल्या आणि वाफ्याच्या कडेला थांबल्या. मी त्यांच्या तोंडून 'आकडे' ऐकायची वाट बघत होतो. त्या वाकल्या, माझ्या एका जुडीच्या खड्ड्यात बोट घातलं, मग शेजारच्या उंचवट्याकडे बघितलं. वाफाभर तसंच होतं, कुठे चिठ्ठी कशीही पडलेली असो. चिठ्ठीशिवायही कुठे कोण आहे ते सांगता आलं असतं.

"मोज सगळं नीट," त्या टोचणीला म्हणाल्या. "हे प्रकरण राहतंय. मला वाटतं, हेच पहिलं ठेव." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही फारच पक्कं बांधता हो."

"जन्मभराची खोड आहे," मी म्हटलं.

माझ्या जुड्या मोजायला सोप्या होत्या, सगळ्या डोळ्यांसमोर उभ्या. बायकोची एकही दिसत नव्हती. उंचवट्यांनी त्या पूर्ण गिळल्या होत्या. पण वर किती वाळू चढली हे कळायला जुडीचं टोक सापडायला हवं होतं. टोचणीनं एका बारीक सळईनं टोचून बघितलं, पण सळईला वाळू आणि केस यांतला फरक कळेना.

"हातानं बघावं लागेल," ती म्हणाली. "पण उकरायचं नाही, आकार बिघडेल. नुसती बोटं सरळ आत घालायची. टोक लागलं की थांबायचं. तुम्ही बघता? तुम्हाला केस लगेच कळतील."

मी पहिल्या उंचवट्याशी गुडघे टेकले आणि बोटं आत सोडली. वर वाळू गरम होती, आत गार. मनगटापर्यंत हात गेला तरी काही लागेना. आणखी थोडा रेटला. मग बोटांच्या टोकांना केस लागले. माझ्या जुडीचे लागले असते तर टोचले असते. हे बाजूला झाले, बोटांना आत येऊ दिलं आणि पुन्हा मिटले.

"सापडली?" टोचणीनं विचारलं. ती आकडे लिहायचं पॅड धरून उभी होती.

मी बोटं आणखी थोडी तशीच आत राहू दिली. तिनं घाई केली नाही.

"सापडली," मी म्हटलं.

"किती खोल?"

मी दुसऱ्या हातानं मनगटावर खूण धरली, हात सावकाश बाहेर काढला आणि पट्टी लावून आकडा सांगितला. तिनं लिहिला.

"आता भोक बुजवा. दाबू नका, नुसती वाळू ओढा."

मी वाळू ओढली, उठलो, गुडघे झाडले आणि विचारलं, "पुढची कुठे आहे?"